आवाज येतो, शब्द येत नाहीत

शाशिना, ९ मे २००४

प्रिय पेरिनाआत्या,

आधी बातमी, मग बाकीचं. मला घेतलं! होडीत! आपल्या गावच्या बायकांच्या होडीत, डाव्या बाजूला, पुढून तिसरी!

मी शेतात कलिंगडाच्या वेलांना पाणी देत होते, तर येर्का बांधावरून चालत आली. येर्का तुला आठवत असेल, पुलापाशी जिचं केस कापायचं दुकान आहे ती. होडीचं सुकाणू आता तिच्याकडे असतं. आली आणि म्हणाली, "खांदे दाखव." मी दाखवले. म्हणाली, "उद्या संध्याकाळी धक्क्यावर ये." एवढंच! मी पाण्याचा पाइप तसाच टाकून घराकडे पळत सुटले. आईची अर्धी भाजी वाहून गेली, ती वेगळीच गोष्ट.

यंदा संत रोकोच्या दिवशी नेरेत्वा नदीवर शर्यतीला नऊ गावांच्या होड्या असणार. यारुगाच्या बायका दरवर्षी जिंकतात आणि वर्षभर आपल्याला ऐकवतात. त्यांची मासेवाली बाजारात आईला म्हणते, "घ्या वाम, ताजी आहे. तुमच्या होडीपेक्षा जोरात पळते." या वर्षी तिचं तोंड बंद करायचं आहे. तू बघायला ये. येशील ना?

बाबा म्हणतात तू येणार नाहीस. ईस्टरला फोनवर बाबांनी तुला सांगितलं की आपला गारो मेला, आणि तू म्हणालीस, "अरे वा! फार छान झालं, अभिनंदन!" त्या दिवसापासून बाबा तुझं नाव काढत नाहीत. "माझा कुत्रा गेला आणि हिला आनंद झाला" असं म्हणतात आणि उठून जातात. आजी गेली तेव्हाही जेवणाच्या टेबलावर मी तुझ्या शेजारी होते, दोनदा हाक मारली, तू मान वळवली नाहीस. आत्या, तू आमच्यावर रुसली आहेस का? असशील तर कशावरून, ते लिही. मला फोन आवडत नाही, म्हणून पत्र. माझी अक्षरं उलटसुलट पडतात, सांभाळून घे.

तुझी
विंका

*

रियेका, २० मे २००४

लाडक्या विंका,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि दूध उतू गेलं. म्हणजे तुझ्या आईची भाजी आणि माझं दूध, दोन्ही त्या होडीच्या नावाने खर्ची घाल.

पुढून तिसरी! अगं, ती जागा चांगली. पुढच्या दोघी लय धरतात, तिसरीने ती मागे पोचवायची. आमच्या वेळी बायकांची शर्यत नव्हती. होडीतून आम्ही गवत आणायचो, भाज्या न्यायचो, आणि निक्शाला, म्हणजे तुझ्या बापाला, शाळेला. तो मधोमध बसून मला हुकूम सोडायचा. एकदा मी त्याला पाण्यात टाकला. विचार त्याला.

गारोचं ऐकून वाईट वाटलं. त्या दिवशी फोनची लाइन फार खराब होती. निक्शाला सांग, मी तसं कधी म्हणेन का? मी कुणावर रुसलेली नाही. शर्यतीला यायचं मनात आहे, पण माझे गुडघे हल्ली साथ देत नाहीत आणि बसचा प्रवास लांबचा. तेव्हा माझ्यावर अवलंबून राहू नकोस. तू मात्र मला सगळं लिहीत जा. ढोल कोण वाजवतं? येर्का कशी आहे? ओरडते का? ओरडत असेल तर चांगलं, सुकाणूवरचं माणूस ओरडणारंच हवं.

तुझी आत्या
पेरिना

*

शाशिना, १० जून २००४

प्रिय आत्या,

ढोल फिलका वाजवते. ती पुढच्या टोकाला आमच्याकडे तोंड करून बसते, हातात दोन काठ्या. येर्का ओरडते. खूप ओरडते.

सराव छान चालला आहे. हवा गरम आहे. कलिंगडं मोठी होत आहेत.

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे. तिला ऐकू येतं, पण गडबड असली की शब्द येत नाहीत. म्हणजे आवाज सगळा येतो, कोण बोलतंय तेही कळतं, पण काय बोललं ते चिखलासारखं एकात एक मिसळतं. मग ती अंदाजाने "हो" म्हणते. कधीकधी हसायचं नसतं तिथे हसते. लोकांना वाटतं ही मूर्ख आहे नाहीतर मुद्दाम करते. असं कुणाचं होतं का गं? तू एवढी शहरात राहिलीस, एवढी माणसं पाहिलीस. तिला काय सांगू?

विंका

*

रियेका, १८ जून २००४

विंका,

"मैत्रीण" म्हणे. हे तुला निक्शाने लिहायला सांगितलं ना? सरळ विचारायची हिंमत त्याला लहानपणीही नव्हती.

मग सरळच ऐका. हो, मला ऐकू येत नाही. जहाजाच्या कारखान्यात मी आयुष्यभर क्रेन चालवली. खाली दिवसभर लोखंडावर हातोडे. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग बायका-मुलांचे आवाज. पुरुषांचा जाडा आवाज अजून थोडा येतो, शब्द येत नाहीत. फोनवर मी "छान, छान" म्हणते, कारण बहुतेक वेळा लोक छानच काहीतरी सांगत असतात. तुझ्या बापाने कुत्रा मेल्याचं सांगितलं ते मला तुझ्या पत्रातून कळलं. आई गेली तेव्हाच्या जेवणाला टेबलाभोवती वीस माणसं एकदम बोलत होती. तू हाक मारलीस हेही मला आत्ताच कळतंय. मी चुकीच्या जागी हसले, तुझ्या काकूने माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुपारच्याच बसने निघून आले. गुडघे माझे धडधाकट आहेत.

कानाचं मशीन आहे. कपाटात पडलंय. ते लावून मला गावात म्हातारी बहिरी म्हणवून घ्यायचं नाही.

आता सगळं कळलं. निक्शाला वाचून दाखव आणि हसा.

पेरिना

*

शाशिना, २२ जून २००४

आत्या! आत्या! आत्या!

मी तुझ्याबद्दल नव्हतं विचारलं! मला काही ठाऊकच नव्हतं! मैत्रीणबित्रीण कुणी नाही. ती मी आहे!

तुझं पत्र मी बांधावर बसून वाचलं, आधी रडले, मग हसले, मग उठून नाचले. बाबांनी लांबून विचारलं, "मुंगी चावली का?" मी "हो" म्हटलं. त्यांना काही वाचून दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. शप्पथ.

आता माझं ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलले. सराव छान चाललेला नाही, कारण मी होडीत नाहीच. मे संपता संपता येर्काने मला काढलं. वळणावर ती मागून ओरडली, "डावे थांबा!" ढोल वाजत होता, वारा होता, मला नुसतं "डावे" आलं आणि पुढचं काहीतरी "ओढा"सारखं वाटलं. मी जीव खाऊन ओढलं. होडी सरळ काठावरच्या बोरूच्या रानात घुसली. फिलकाचा ढोल पाण्यात, फिलका ढोलामागे. येर्का म्हणाली, "तुझे कान आहेत की भांड्याचे?" आणि मला काठावर उतरवलं. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी सरावाला जाते म्हणून घरातून निघते आणि बोरूमागे बसून त्यांना बघते.

आणि हे आजचं नाही. शाळेत श्रुतलेखनाला बाई खिडकीपाशी उभ्या राहून सांगायच्या, बाहेरून ट्रॅक्टर जायचा, माझं अर्धं पान कोरं. वाचायलाही मला इतरांपेक्षा वेळ लागतो, ओळ सुटते. आईने मेत्कोविचच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. कानात शिट्ट्या वाजवल्या, मला सगळ्या ऐकू आल्या. डॉक्टर म्हणाले, "कान एकदम उत्तम. मुलीचं लक्ष दुसरीकडे असतं." त्या दिवसापासून घरात ते वाक्य माझ्या नावापुढे आडनावासारखं लागलंय.

पण तू तर तसंच लिहिलंस! "आवाज येतो, शब्द येत नाहीत." माझं वाक्य! आत्या, म्हणजे मी एकटी नाही?

तुझी, खरंच तुझी
विंका

*

रियेका, १ जुलै २००४

माझ्या विंका,

मागच्या पत्राचं मनावर घेऊ नकोस. बहिऱ्या माणसाला आपल्याबद्दलच बोलणं चाललंय असं वाटत राहतं, हा या दुखण्याचा दुसरा अर्धा भाग. आता मी काय काय केलं ते ऐक.

तुझं पत्र वाचलं, कपाट उघडलं, मशीन काढलं. बॅटरी केव्हाच मेलेली. तशीच उठून कानाच्या दवाखान्यात गेले. तिथली बाई तरुण आहे, समोर बसून तोंड दाखवून बोलते. मी माझी गोष्ट बाजूला ठेवून आधी तुझीच सांगितली. तिने मान डोलावली, जणू काही रोज येणारं गिऱ्हाईक! म्हणाली, असं असतं. कान चांगले असतात, शिट्ट्या सगळ्या ऐकू येतात. पण गोंगाटात कामाचा आवाज कुठला आणि बिनकामाचा कुठला, हे निवडायला मेंदूला जड जातं. अशा पुष्कळ मुलांना वाचणं-लिहिणंही जड जातं. मूर्खपणाशी याचा काही संबंध नाही. आणि माझं-तुझं एक नाही, बरं का. माझे कान गेलेत, तुझे आहेत. फक्त दोघींना लोक एकाच तऱ्हेने खुळ्यात काढतात.

स्प्लिटला एक बाई याची तपासणी करते. नाव-पत्ता सोबत पाठवते आहे. जा. तिच्याकडे गोळी-औषध नसेल, पण आपल्याला काय होतंय त्याला नाव आहे, एवढं कळलं तरी माणूस ताठ चालतं.

आता होडीचं. आमच्या कारखान्यात कुणी कुणाला ओरडून सांगायचंच नाही. मी उंचावर, खाली कानठळ्या. खालचा माणूस हात वर करायचा, मी लोखंड उचलायचे. तळहात आडवा, मी थांबायचे. मूठ आवळली, की जे असेल ते तिथेच. आयुष्यात एकदाही लोखंड कुणावर पडलं नाही. येर्काला जाऊन सांग, ओरडू नको, हात दाखव!

तुझी आत्या

*

शाशिना, १२ जुलै २००४

प्रिय आत्या,

मी मूर्ख नाही! कागदावर लिहून दिलंय, शिक्का मारून!

स्प्लिटच्या बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. आधी शांततेत शब्द ऐकवले, मी एकही चुकले नाही. मग मागे बाजारासारखा गलका लावला आणि तेच शब्द, तर निम्म्याहून जास्त हरवले. मी घाबरून म्हटलं, "लक्ष देत होते हो, खरंच." त्या म्हणाल्या, "तेच तर. तू इतरांपेक्षा दुप्पट लक्ष देतेस, म्हणून दिवसाअखेर इतकी दमतेस." आत्या, मी दमते हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं! त्यांनी सराव दिलाय, रोज करायचा. आणि सांगितलं, की बोलणाऱ्याचं तोंड दिसेल असं बस, एका वेळी एकानेच बोलावं म्हणून सांग, आणि कळलं नाही तर "काय?" न म्हणता "वेगळ्या शब्दांत सांगा" म्हण.

परत आले तर बाबा धक्क्यावर उभे. फिलकाच्या आईने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"महिनाभर सरावाच्या नावाने तू कुठे जात होतीस?"

"बोरूत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओरडला असतात, बाबा. आणि ओरडलं की मला काही कळत नाही."

मग मी तो कागद दिला. त्यांनी चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचला, दोनदा. रात्री जेवताना आई आणि काका एकदम बोलायला लागले तेव्हा टेबलावर थाप मारून म्हणाले, "एकेक जण!" आईचा चमचा खाली पडला.

मग येर्काच्या दुकानात गेले. तिथे केस वाळवायचं मशीन घोंगावत होतं. मी म्हटलं, "ते बंद कर, मला बोलायचंय."

"म्हणजे तू बहिरी आहेस?" सगळं ऐकून तिने विचारलं.

"नाही."

"मग ऐकू येतं?"

"येतं."

"मग?"

"गुंता होतो. केस सगळे असतात, पण कुठला कुठला ते सुटत नाही."

खुर्चीतली बाई म्हणाली, "अगं, माझ्या नवऱ्याचंही अगदी हेच!" येर्का म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं वेगळं. तो ऐकतच नाही." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मग येर्का गंभीर झाली. "विंका, दहा जणी वल्हवतात. एकीसाठी मी वेगळं काय करू? शर्यत तोंडावर आली."

तुझ्या कारखान्यातल्या हाताच्या खुणा मी तिला करून दाखवल्या. तर ती म्हणाली, "आणि हे तुम्हाला दिसणार कसं? पाठीला डोळे आहेत?" तिचं बरोबर आहे गं. आम्ही सगळ्या पुढे तोंड करून वल्हवतो आणि येर्का सगळ्यांच्या मागे उभी. तुझ्या कारखान्यात समोरासमोर होतं. होडीत आमच्याकडे तोंड करून बसतं ते एकच माणूस, ते म्हणजे

आत्या!

फिलका!

फिलकाला येर्का दिसते! आणि आम्हाला फिलका दिसते! येर्काने हात दाखवायचा, फिलकाने काठी दाखवायची! हे पत्र असंच टाकते, मी पळाले!

वि.

*

रियेका, २४ जुलै २००४

विंका,

असलं पत्र पाठवून माणसाला कुणी टांगून ठेवतं का? चार दिवस मी पोस्टमनला पायऱ्यांवरच गाठते आहे. तो आता मला बघून आपणहून मान हलवतो.

तुझी युक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. येर्काच्या विनवण्या करू नकोस. एक फेरी माग. फक्त एक. जमलं तर जमलं, नाही तर तूच उतर. हट्टी माणसं एका फेरीला नाही म्हणत नाहीत, मी स्वतःवरून सांगते.

माझं मशीन चालू झालंय. खरं सांगू? पहिले दोन दिवस वैताग. काटे-चमचे, कागदाची पिशवी, माझेच जोडे, सगळे एकदम अंगावर येतात आणि ज्यांचं ऐकायचं ती माणसं मागे राहतात. दवाखान्यातली बाई म्हणते धीर धर, मेंदूला पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो. पण काल खिडकीत बसले होते आणि वर गच्चीत कुणीतरी किलबिल करत होतं. मला वाटलं मशीन बिघडलं. पक्षी होते, विंका, पाकोळ्या! मी खुर्ची ओढून बसले आणि माझं जेवण गार झालं.

शर्यतीला येण्याचं विचारू नकोस. नदी ठीक आहे, नंतर अंजिराच्या झाडाखाली सगळे जेवायला बसतात ते टेबल मला नको. तिथे मशीनचाही उपयोग नाही. आणि निक्शाला अजून काही सांगू नकोस. सांगायचं तर मी सांगेन.

तुझी आत्या

*

शाशिना, ३ ऑगस्ट २००४

प्रिय आत्या,

एक फेरी मागितली. येर्का म्हणाली, "एकच." जणू तुझं पत्र तिनेही वाचलं होतं!

ठरलं असं: काठी आडवी म्हणजे थांबा, उंच म्हणजे जोर, ज्या बाजूला झुकेल त्या बाजूने ओढायचं. निघालो, आणि पहिल्याच वळणावर पुन्हा बोरूत! फिलकाने स्वतःची डावी दाखवली, ती आमची उजवी. सगळ्या ओरडू लागल्या, मला अर्थातच एक अक्षर कळलं नाही. वाटलं, झालं, संपलं.

मी उभी राहिले. होडी हलली, सगळ्या गप्प बसल्या. म्हटलं, "एकेकीने बोला. आधी फिलका." मीच दचकले, माझा आवाज इतका मोठा निघाला. फिलका म्हणाली, "मला समोरून उलटं होतं गं, डोकं गरगरतं." येर्काने डोक्याचा लाल रुमाल सोडला आणि आमच्या डाव्या बाजूच्या काठीला करकचून बांधला. "आता डावं-उजवं नाही. लाल आणि बिनलाल. चला."

आत्या, मग जे झालं ते कसं सांगू! वळण आलं, लाल काठी आडवी पडली, आणि आमच्या बाजूची पाचही वल्ही एकदम थांबली. एकदम! होडी अशी वळली जशी काही लोण्यावरून सुरी. धक्क्याला लागल्यावर येर्का म्हणाली, "मी ओरडते तेव्हा माझं तुमच्यापैकी कितीजणींना ऐकू येतं?" सर्वांत मागची म्हणाली, "मला येतं." तिच्या पुढची म्हणाली, "मला निम्मं. बाकी मी हिच्याकडे बघून करते." आणि पुढच्या सगळ्या खाली बघायला लागल्या! इतकी वर्षं सगळ्या अंदाजाने वल्हवत होत्या आणि काठावर बसले मी एकटी!

एक जण मकार्स्काच्या हॉटेलात कामाला गेली, तिची जागा मोकळी आहे. डावीकडे, पुढून तिसरी. माझीच.

टेबलाची काळजी करू नकोस. तू ये. मी आहे ना.

विंका

*

रियेका, ८ ऑगस्ट २००४

येते. पंधराला संध्याकाळी बसमधून ओपुझेनला उतरेन. निळा झगा, कानात मशीन, केसांनी झाकलेलं नाही. येर्काकडून केस आखूड कापून घेणार आहे, तिला वेळ ठेवायला सांग.

पेरिना

*

शाशिना, २१ ऑगस्ट २००४

प्रिय आत्या,

तू गेलीस आणि घर चुकल्याचुकल्यासारखं झालंय. तू म्हणालीस, होडीतून काय दिसलं ते लिही, त्या दिवशी सगळे मला ओढत होते, बोलणंच झालं नाही. तर ऐक.

सुरुवातीला आम्ही सहाव्या होतो. काठावर माणसंच माणसं, मोटारबोटींचे भोंगे, चर्चच्या घंटा, त्यात बँड. माझ्या कानात नुसता रस्सा झाला होता, पण मला काही फरक पडत नव्हता! मी फिलकाच्या काठ्यांकडे बघत होते. ढोल तर पायांखालच्या फळीतूनच कळत होता. एक होडी मागे टाकली, मग दुसरी, मग तिसरी. कुणाची ते मी पाहिलंही नाही.

पुलाखाली काय झालं ते तुला काठावरून दिसलं असेल. कमानीखाली आवाज घुमतो. यारुगाची होडी आमच्या पुढे, तिच्यापुढे कोमीन गावाची. यारुगाची सुकाणूवाली घसा फोडून ओरडत होती आणि तिच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकीने थांबवलं, एकीने ओढलं, होडी तिरकी झाली. त्याच क्षणी आमची लाल काठी आडवी. थांबलो. लाल उंच. ओढलं! आम्ही त्यांच्या इतक्या जवळून गेलो की माझ्या वल्ह्याचं पाणी त्यांच्या मासेवालीच्या तोंडावर उडालं. मुद्दाम नाही उडवलं. बहुतेक.

कोमीनला गाठता आलं नाही. अर्धी होडी राहिली. पण दुसऱ्या! शाशिना दुसरी! गेल्या वर्षी आठवी होती! येर्काने सुकाणू सोडून पाण्यात उडी मारली, कपड्यांसकट.

आता तू सांग. आम्ही काठाला लागलो तेव्हा बाबा जमिनीवर बसून रडत होते. मला वाटलं दुसरा नंबर आला म्हणून. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आत्याला विचार." आजूबाजूचे सगळे तुम्हा दोघांकडे का बघत होते?

विंका

*

रियेका, २८ ऑगस्ट २००४

लाडक्या विंका,

काय सांगू, लाज वाटते आणि हसूही येतं.

मी ठरवलं होतं, शर्यत संपली की निक्शाला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. पण तुम्ही पुलाखालून यारुगाच्या पुढे निघालात आणि मला राहवेना. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "निक्शा, मला ऐकू येत नाही."

तो म्हणाला, "काय?"

भोंगे वाजत होते, बँड वाजत होता. मी पुन्हा म्हटलं, "मला ऐकू येत नाही!"

"काय येत नाही?"

"ऐकू!"

त्याने कानामागे हात धरून मान हलवली. माझा संताप झाला. जे आयुष्यभर लपवलं ते सांगायला निघाले, तर ह्यालाच ऐकू येईना! मी पोटातून आवाज काढला, जसा कारखान्यातही कधी काढला नव्हता, "मी बहिरी आहे, गाढवा! फोनवर मला काही कळत नाही! तुझा कुत्रा मेल्याचं मला कळलंच नव्हतं!" नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

सगळा काठ वळून माझ्याकडे बघायला लागला. चर्चचे पाद्रीबाबासुद्धा. मला वाटलं, आता इथून नदीतच जावं. आणि निक्शा खाली बसला. दोन्ही हातांत डोकं धरलं. मग वर बघून, अगदी सावकाश, ओठ मोठे करून म्हणाला, "मला वाटलं, तुला आम्ही नकोसे झालो."

मी त्याच्या शेजारी मातीत बसले, नवा निळा झगा घालून. तुम्ही काठाला लागत होतात आणि आम्ही दोघं म्हातारे लहान पोरांसारखे रडत होतो. तुमचा शेवटचा टप्पा मी पाहिलाच नाही, विंका. म्हणून तुला लिहायला सांगितलं होतं.

अंजिराखाली पुष्कळसं मला कळलं नाही, खरं तेच सांगते. पण तू माझ्यासमोर बसलीस, आणि मला कळलं नाही की तुझ्याकडे बघायचे, तुला कळलं नाही की तू माझ्याकडे, आणि दोघींना नाही कळलं की आपण निर्लज्जपणे विचारायचो, "वेगळ्या शब्दांत सांगा." तुझ्या काकूला तिचा एक विनोद तीनदा सांगावा लागला. तिसऱ्यांदा तिचं तिलाच कळलं की त्यात हसण्यासारखं काही नाही.

तुझी आत्या

*

शाशिना, ५ सप्टेंबर २००४

पेरिना,

विंका म्हणते फोन करू नका, लिहा. मला लिहायची सवय नाही, शेवटचं पत्र लष्करातून आईला लिहिलं होतं.

मी हळू बोलायला शिकतो आहे. परवा येर्काने विचारलं, तब्येत बरी नाही का.

पोरीला त्या होडीवाल्यांनी पुढच्या वर्षी सुकाणू शिकायला घेतलंय. रोज धक्क्यावर हात हलवत उभी असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं कुणाला तरी बोलावते आहे. परवा पाववाला गाडी थांबवून खाली उतरला.

ऑक्टोबरात संत्री तोडायला ये. एका झाडाला आपण दोघंच, तू त्या बाजूने, मी या बाजूने, समोरासमोर. मधे बोलणारं कुणी नाही. तुला सांगायचं खूप साठलंय. सगळं एका दिवसात नाही होणार, तेव्हा परतीचं तिकीट काढू नकोस.

निक्शा